मुळांकडे परतायचं म्हणजे नेमकं कुठे? (वाघोबा, मुंबादेवी आणि १८७८)

आरेकाठचा

कर्जत-मुरबाडकडच्या रिसॉर्टांच्या जाहिराती तुमच्याही फोनवर येत असतील. ‘वसाहतवादी मन झटका, पूर्वजांच्या अध्यात्माकडे परता.’ शनिवार-रविवार, जेवणासकट, जीएसटी वेगळा. शेकोटी, ढोल, झाडाला मिठी आणि भिंतीवर हमखास वारली चित्रं. थट्टेला सोपा ऐवज आहे. पण तिथे जाणारी माणसं काही मूर्ख नसतात. माझ्याच ऑफिसातली आहेत, पंधराव्या मजल्यावर राहतात, आणि आपल्या आजोळच्या ओढ्याला नाव होतं आणि इथल्या नाल्याला नाही हे त्यांना खुपतं. ती ओढ खरी आहे, म्हणून हा धागा.

प्रश्न एवढाच, की परतायचं तर कुठे? आपल्याच शहरातले देव बघा. मुंबादेवीचं मूळ देऊळ आजच्या बोरीबंदर भागात होतं. किल्ल्याभोवती मोकळं मैदान हवं म्हणून इंग्रजांनी अठराव्या शतकात ते हलवायला लावलं आणि देवी भुलेश्वरला गेली. जिचं नाव शहराने घेतलं तीच शहराची पहिली प्रकल्पग्रस्त. वाळकेश्वर पोर्तुगीजांनी पाडलं, ते १७१५ मध्ये रामा कामतीने पुन्हा बांधलं. (त्याच कामतीला इंग्रजांनी १७२० मध्ये आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं, ती वेगळीच गोष्ट आहे, कधीतरी लिहीन.) बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात आधी शिव, मग पोर्तुगीजांचं चर्च, मराठे आल्यावर पुन्हा शिव, इंग्रजांच्या काळात पुन्हा चर्च, आणि आता पुरातत्त्व खातं. एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो.

तरी देवळांची पाडापाड हा वरवरचा भाग झाला. खरा घाव कागदाचा आहे असं माझं मत. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये त्याहून कडक. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि गावाचं असे भाग पाडले. राखीव भागात आपला काही हक्क आहे असं ज्याला वाटेल त्याने मुदतीत सेटलमेंट अधिकाऱ्यापुढे दावा मांडायचा. नाही मांडला तर हक्क बुडाला. आता शेंदूर फासलेल्या दगडाच्या वतीने कोण अर्ज करणार? १९२७ चा कायदा हा त्याचाच पुढचा अवतार आणि तो आजही लागू आहे.

इंग्रजांनी आपल्या श्रद्धेचं किती नुकसान केलं यावर वाद घालता येईल. जमिनीचं केलं ते मात्र दफ्तरात लिहिलेलं सापडतं. गावदेव ही मुळात जमीन आणि पाणी वापरायची रीत होती: कुठली राई तोडायची नाही, कुठला डोह उपसायचा नाही, मासळी कधी धरायची नाही. ती रीत जिच्यावर चालायची ती जमीनच सरकारजमा झाल्यावर नुसता देव आणून ठेवायचा कुठे? टू बीएचकेच्या बाल्कनीत?

माहिती, अनुभव, विरोध, सगळं येऊ द्या. ‘इंग्रज नसते तर रेल्वे नसती’ हा प्रतिसाद येणारच आहे, तो लवकर येऊन जाऊ दे.

सरळवाट

इंग्रज नसते तर रेल्वे नसती. (घ्या, आलो.)

आता गंभीरपणे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा पूर्वजांच्या अध्यात्मापाशी उतारा काय होता? शहर सुधारलं ते गटारं, नळ आणि लशीमुळे. विहिरीत देव राहतो म्हणून याच शहरात विहिरी झाकायला विरोध झाला आणि तिकडे मलेरियाने माणसं मरत होती. निसर्गापुढे हात जोडले म्हणजे निसर्ग कळला असं होत नाही. माझ्या आजीने सटवाईला नवस केले आणि तिची मुलं वाचली ती देवीच्या लशीने, हे तिचंच म्हणणं.

भटकभवानी

सरळवाट, विहिरींचं उदाहरण तुम्हाला वाटतं तितकं तुमच्या बाजूचं नाही.

१९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. शहरातल्या घरोघरच्या विहिरींत मलेरियाचे डास वाढतात हे त्यात होतं, आणि ते खरंच होतं. पालिकेने विहिरी बुजवायचा किंवा बंद करायचा सपाटा लावला. पारशी आणि हिंदू दोघांनी हरकत घेतली: धर्मकार्याच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा, लाकडी झाकण चालणार नाही. यावर तोड निघाली ती बारीक तारेच्या जाळीची आणि पाणी काढण्यापुरत्या झडपेची. डास अडला, ऊन अडलं नाही. कुणीतरी बसून जाळीच्या छिद्राचं माप काढलं म्हणून आरोग्य खात्याचं आणि भाविकांचं दोघांचं भागलं.

चर्चगेटची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही चालू आहे, जाऊन बघा. (आत जायला बिगरपारशांना परवानगी नाही, बाहेरूनच.) आणि पालिकेच्याच नोकरीत असलेल्या रुस्तम मसानींनी या विहिरींच्या देवतांच्या, पिरांच्या, भुतांच्या कथा गोळा करून १९१८ मध्ये पुस्तक छापलं. पुढे ते पालिकेचे आयुक्तही झाले. बाकीच्या विहिरींवर कुणी बसून माप काढलं नाही. त्यांच्यावर आज टॉवर आहेत आणि टॉवरला उन्हाळ्यात टँकर लागतो.

सरळवाट

जाळीची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. पण ती माझाच मुद्दा सांगते. डास कुठे वाढतो हे बेंटलीने सांगितलं, विहिरीच्या देवाने नाही.

कवडसा

वाचतेय. वाचनखूण साठवली.

नाखवीण

आमचं गेलं होतं कुठं, की परत यावं?

मी वरळीची. कोळीवाड्यात गोल्फादेवी आहे. लग्न ठरवायचं, होडी घ्यायची, आधी देवीचा कौल, मग बाकीचं. हे माझ्या सासूच्या वेळेस होतं आणि आजही आहे. कोणी शिबिर घेऊन शिकवलं नाही.

आता तुमच्या ‘रीत’ या मुद्द्यावर. पूर्वी नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. पावसाच्या त्या दिवसांत मासळीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असायची. देवाच्या नावाने दर्या बंद, आणि मासळीला वाढायला वेळ. आज सरकारी बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आणि पुनव कधी येते? कधी ऑगस्टच्या सुरुवातीला, कधी पार महिनाअखेरीला. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतो. जो पुनवेची वाट बघत किनाऱ्याला थांबला त्याला मागाहून काय राहतं? देवाचं ऐकणारा उपाशी, जीआर वाचणारा पुढे. मग पोरं म्हणतात, आई, नारळ १ तारखेलाच देऊन टाकू. काय सांगणार त्यांना?

कोस्टल रोड आला तेव्हा वरळीच्या समोर खांबांमध्ये ६० मीटरचं अंतर ठेवलं होतं. भरतीच्या वाऱ्यात होडी खांबावर आपटणार हे आमच्या माणसांनी जीव तोडून सांगितलं. काम अडवलं, होड्या लावल्या पाण्यात, वर्षं गेली, तेव्हा कुठे १२० मीटर मान्य झालं. त्या सगळ्या काळात निसर्गाकडे परतणारे लोक आमच्या बाजूला फारसे दिसले नाहीत. नारळी पुनवेला मात्र फोटो काढायला येतात, नऊवारी कुठे भाड्याने मिळते विचारतात.

आरेकाठचा

@नाखवीण, १ ऑगस्ट आणि पुनवेचा हा तिढा मला ठाऊक नव्हता. मासे वाचवायला बंदी हवीच. पण तिची तारीख पुनवेला का बांधू नये, असं कुणी कधी सरकारला विचारलं का?

नाखवीण

विचारलं आहे. दर दोन-चार वर्षांनी मच्छीमार संघटना मागणी करतात की बंदी वाढवा, पुनवेपर्यंत न्या. मोठ्या बोटीवाल्यांना नको असतं. आणि शेजारच्या राज्याची बोट तोवर आमच्या पाण्यात येऊन जाळं टाकते. किनारा सगळा एक आहे, देव वेगवेगळे.

मरोळचा बावा

मी ईस्ट इंडियन. इथे ‘वसाहतवाद’ म्हटलं की पहिला संशयित मी. आडनाव पोर्तुगीज, घरात आल्तार, बोलतो मात्र मराठी, तीसुद्धा तुमच्यापेक्षा जुन्या चालीची.

वसई आणि साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. आमचे पूर्वज त्यानंतर बाप्तिस्मा घेतलेले इथलेच भात पिकवणारे, मासे मारणारे, ताडी काढणारे लोक. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर १८८७ चं, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलेलं. नोकरीसाठी गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. म्हणजे धर्म एका साहेबाचा, नाव दुसऱ्या साहेबाच्या सोयीचं. कबूल.

आता माझ्या घरचं लग्न बघा. आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला सगळी वरात वाजतगाजत विहिरीवर जाते, त्या पाण्याने नवरा-नवरीला आंघोळ. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा: शेतातली भाताची नवी कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. मरोळला, कलिन्याला, कुर्ल्याला आता भात कुठे आहे? कणसं दुसरीकडून मागवावी लागतात. सण चालू आहे, शेत विमानतळाच्या आणि एमआयडीसीच्या पोटात गेलं. धागाकर्त्याचा मुद्दा आमच्याकडून असा सिद्ध होतो.

आणि वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) सप्टेंबरच्या जत्रेत जा. मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू कोळणी किती असतात मोजा. मूर्ती समुद्रात टाकली होती आणि ती कोळ्याच्या जाळ्यात परत आली, ही कथा त्याच सांगतात. तिला पुन्हा ‘मूळ’ रूपात नेऊ म्हणून कुणी निघालं तर पहिल्या त्याच आडव्या येतील. ‘परता’ म्हणणाऱ्यांची भीती वाटते ती इथे. कुणी उद्या मला सांगायला लागला की तुझं मूळ अमुक, चल परत, तर मी कुठे जाऊ? मी विहिरीवर उभाच आहे ना.

तिरकस

बावा, ‘परत’ यायला हरकत काय आहे पण? दार उघडंच आहे आमचं.

मरोळचा बावा

बघा, एवढं लिहिलं आणि लगेच दार दाखवलं.

संपादक

तिरकस, घरवापसीचे वेगळे धागे आहेत, तिकडे जा. इथे जमीन, निसर्ग, गावदेव यावर बोला.

निळी पाटी

जरा वेगळं लिहितो. इथपर्यंतच्या चर्चेत गावदेवाची रीत म्हणजे सगळ्या गावाने एकत्र बसून ठरवलेली गोड व्यवस्था असल्यासारखं चाललंय. माझे पूर्वज त्या व्यवस्थेत वेशीबाहेर होते. मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ओढून नेणं त्यांचं काम, रोग अंगावर घेणं त्यांचं काम, मेलेलं ढोर ओढणंही त्यांचंच. देवराईतल्या झाडाला हात लावायचा नाही ही रीत होती तशी गावच्या पाणवठ्याला आम्ही हात लावायचा नाही हीसुद्धा रीतच होती, आणि दोन्हींचा पहारेकरी तोच देव. निवडून एक घ्या आणि दुसरी विसरा, असं आम्हाला जमत नाही.

इंग्रजी राज्य आमच्यासाठी सरळ काळं किंवा पांढरं नाही. त्यांनी आमच्या माणसांना पलटणीत घेतलं, आणि १८९२ च्या सुमारास भरती बंद करून दारही लावलं. शाळेचा हक्क कागदावर दिला, वर्गात बाहेर बसवलं.

मुळांकडे परतणं बाबासाहेबांनीही केलं. १४ ऑक्टोबर १९५६. पण पणजोबाच्या देवाकडे परतले नाहीत. त्या देवाला ओलांडून पार मागे, बुद्धाकडे गेले. कुठल्या पूर्वजाकडे जायचं हे निवडायचा हक्क त्यांनी घेतला. निसर्गाचं म्हणाल तर कान्हेरीला जा. शंभराहून जास्त लेणी आणि जवळपास प्रत्येकीजवळ कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाक्यात, टाकं भरलं की पुढच्या टाक्यात. ही शेकडो वर्षं नांदती वस्ती होती. त्या भिक्खूंनी डोंगराची पूजा केली की नाही ते जाऊ दे, डोंगराचं पाणी कसं वाहतं ते त्यांना बरोबर कळत होतं. मला हे पूर्वज चालतात.

भटकभवानी

निळी पाटी, दंडवत. टाक्यांबद्दल स्वतंत्र धागा काढा, मी फोटो देते.

पाड्यावरचा

बरेच दिवस नुसता वाचत होतो. वारली आहे, डहाणूकडचा. नोकरीमुळे मुंबईत, नातेवाईक आरेच्या पाड्यांत. सगळ्यांनी आमच्या चित्रापासून सुरुवात केली आहे म्हणून मीही तिथूनच करतो.

रिसॉर्टच्या भिंतीवर तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं असतात. आमच्याकडे चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, लग्नाला काढतात. सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठाने, आणि चौकात पालघट देवी बसते. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. पालघट आल्याशिवाय लग्न नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आम्हाला अभिमान आहे. पण तुमच्या भिंतीवर पालघट कधी दिसत नाही. बरंच आहे, ती हॉटेलात बसायची नाही.

कणसरी ही धान्याची देवी. भगत घांगळी वाजवून तिची कथा रात्रभर गातो. हिरवा देव आहे, हिमाय आहे, पावसाचा नारनदेव आहे. पहिल्या पावसात रानात कवळीची भाजी येते, ती देवाला दिल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. तेवढ्या दिवसांत ती रुजते, हे आम्हालाही कळतं. आम्ही भोळे आणि विज्ञान तुमचं, अशी वाटणी कृपा करून करू नका.

धागाकर्त्याने १८७८ च्या वन कायद्याचं लिहिलं. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला तो लोक विसरतात: मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. आमच्या देवाला मोहाच्या दारूची धार लागते. लग्नात, मयतात, वाघोबाला, सगळीकडे. ताडीवर झाडामागे कर बसला, घरी दारू गाळणं गुन्हा झाला, दारू सरकारी ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. तरी लोक मोहाची फुलं वेचतच होते म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांवर कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. झाडाखाली पडलेलं फूल घरात सापडलं तर गुन्हा! देवाला पाजायचं तर ठेकेदाराकडून उधार घ्या, उधारी फिटत नाही म्हणून सावकाराच्या शेतावर राबा. शेतासाठी डहाळ्या तोडून राब भाजायचा, तर त्यालाही वन खात्याचा अडसर. त्यावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं.

लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे लग्नगडी. म्हणजे पालघट देवीपुढे लग्न लावलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस सावकाराचा. वेठबिगारीच्या विरोधात १९४५ मध्ये वारली उठले तेव्हा कम्युनिस्ट किसान सभेचे लोक, गोदावरी परुळेकर, आमच्यात येऊन राहिले. तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मेला. आमच्या घरी आजही त्याचं नाव देवांच्या ओळीत घेतात. पूर्वजांचं अध्यात्म म्हणाल तर ते असं आहे.

इंग्रज गेले. १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, धार पुन्हा गुन्ह्यात. त्याच वर्षी आरे दूध वसाहत आली आणि डोंगराची जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर गेली. शेजारचा डोंगर राष्ट्रीय उद्यान. डोंगर एक, बिबट्या एक, वाघोबा एक, पण पाड्याच्या वरच्या अंगाला गेलं की वन खातं आणि खालच्या अंगाला गेलं की दूध खातं. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असेल तर हक्क मागा. आरेत मागायला गेलं की म्हणणार, हे जंगलच नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवलं, तोवर २,१४१ झाडं गेली होती.

पुढचं ऐका. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं. शहरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मग नोटीस बघितली. १९२७ च्या कायद्याचं कलम ४. ज्यांचे हक्क असतील त्यांनी वन जमाबंदी अधिकाऱ्यापुढे मुदतीत दावे मांडावेत. धागाकर्ते, तुमच्या पहिल्या पोस्टमधली प्रक्रिया आहे ना, तीच. पाड्यातला म्हातारा मला विचारत होता, झाडं वाचली हे चांगलंच, पण आता आम्ही अतिक्रमण की कसे?

आणि वाघोबाबद्दल. लोकांना वाटतं वारली वाघोबा पूजतात म्हणून बिबट्या त्यांना काही करत नाही. करतो. कोंबडी नेतो, कुत्रा नेतो, माणसंही गेली आहेत. २००४ मध्ये उद्यानाच्या आजूबाजूला एवढे बळी गेले त्यामागे बाहेरून पकडलेले बिबटे इथे आणून सोडणं हे मोठं कारण होतं, हे अभ्यासकांनीच सांगितलं आहे. वाघोबाशी आमचं देणंघेणं आहे. वसुबारसेच्या दिवशी, आमच्याकडे ती वाघबारस, त्याला मान द्यायचा आणि त्याने वर्षभर आपली वाट धरायची. त्याने मोडलं तर भगत विचारतो, आपल्याकडून काय चुकलं? नारळ राहिला, की त्याच्या वाटेवर कुणी घर बांधलं? वन खात्याचे साहेब आता हेच विचारतात, कॅमेरे लावून.

सरळवाट

पाड्यावरचा, १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याबद्दल प्रथमच कळतंय. माझी भूमिका बदललेली नाही, बिबट्याबाबत मी कॅमेऱ्यावरच विश्वास ठेवीन. पण तुमचा भगत जो प्रश्न विचारतो तो कुठल्याही चौकशी समितीने विचारावा असा आहे, हे मान्य.

तळकोकणी

इतका वेळ इंग्रजांना धुणं चाललंय म्हणून थोडं आपल्याकडे बघू.

माझा गाव सावंतवाडीकडचा. ग्रामदैवतं सातेरी आणि रवळनाथ. सातेरी म्हणजे मुळात वारूळ, ओल्या मातीचं, जिवंत, दरवर्षी वाढणारं. भोवती राई, दिवसाही आत अंधार. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, अशाच जागा त्या. राईतलं झाड तोडायचं तर देवीला कौल लावायचा. कौल ‘नाही’ पडला तर बारापाचाचे, म्हणजे गावरहाटीचे मानकरीही गप्प.

ती राई इंग्रजांच्या राज्यात टिकली. स्वातंत्र्यानंतरही टिकली. तिला कुऱ्हाड लागली ती आमच्या मुंबईच्या मंडळामुळे. परळ-लालबागच्या गावकऱ्यांच्या खोल्यांतून जमलेला पैसा, मग जीर्णोद्धार. कौलारू देऊळ पाडून आरसीसी सभामंडप, ग्रॅनाइटची फरशी, पार्किंग. वारुळावर चांदीचा मुखवटा होता, आता शेजारी संगमरवरी मूर्ती आहे, राजस्थानातून आणलेली, सिंहावर बसलेली. सातेरीला सिंह कधी मिळाला कोण जाणे. देणगीदारांच्या नावांचा फलक पंधरा फूट. आणि कौल लावला होता हं! ‘हो’ पडला म्हणे. चाकरमान्यांसमोर देवीची काय बिशाद.

हे लोक वाईट नाहीत. गिरणी बंद पडल्यावरही पोट मारून वर्गणी देणारी माणसं आहेत ती. पण त्यांच्या डोळ्यांपुढचं ‘भव्य देऊळ’ आलं कुठून? कॅलेंडरातून, टीव्हीवरून. झाडांचा अंधार म्हणजे मागासलेपणा, असं त्यांना कुणी शिकवलं? साहेबानेच, असं धागाकर्ते म्हणतील. असेल. पण दीडशे वर्षांपूर्वीचा साहेब कुऱ्हाड घेऊन यायला लागत नाही, आमचे अध्यक्षच पुरतात.

अर्धी राई अजून आहे. पुढच्या मे महिन्यात भक्तनिवासाचा ठराव येतोय.

कवडसा

तळकोकणी +१. आमच्याकडे राजापुरात हेच. नदीकाठच्या आसरांचे, म्हणजे जलदेवतांचे सात दगड होते, त्यांना टाइल्स लावून छोटं शौचालयासारखं देऊळ केलंय. आसरा पाण्याच्या, त्यांना छप्पर कशाला?

आरेकाठचा

तळकोकणींनी माझ्या मांडणीतली सोयीची बाजू उघडी पाडली. कायदा बाहेरून आला हे खरं, पण कौल आतून फिरला. तरीही १८७८ ची मी पाठ सोडणार नाही. राईची मालकी गावाची उरली असती आणि गुरव, मानकरी, निळी पाटींच्या वाड्यातले, बायका असे सगळे त्या कौलाला बसले असते तर अध्यक्षांना एवढं सोपं गेलं नसतं. आज राई कागदावर कुणाची, हेच बहुतेक गावांना माहीत नसतं. देवीची म्हणतात, सातबारा काढला की ‘महाराष्ट्र शासन’.

रिसॉर्टवाल्यांना माझा विरोध नाही, जावं खुशाल. फक्त झाडाला मिठी मारून झाली की ते झाड कुठल्या गटक्रमांकात उभं आहे एवढं विचारून यावं.

निळी पाटी

वाड्यातल्यांना कौलाला बसवणार? आधी देवळात तरी घ्या, मग बघू.

कवडसा

पाड्यावरचा, वाघबारसेला आरेत बाहेरच्यांनी आलेलं चालतं का? दिवाळीत मुलांना घेऊन यायचं मनात आहे.

पाड्यावरचा

चालतं, दरवर्षी येतात. आधी पाड्यातल्या कुणाला तरी सांगून या. कोंबडं कापतात, मुलांना चालणार नसेल तर थोडं उशिरा या. देवाला धार लागते, त्याचा व्हिडिओ काढून टाकू नका, आमच्यावर केस होते. ड्रोन नको. काही आणायचं असेल तर नारळ आणा, वारली प्रिंटचा कुर्ता नाही घातला तरी चालेल.

तळकोकणी

आरेकाठचा, तुमचं वाचून काल सातबारा ऑनलाइन काढला. राईचा गट वेगळा आहे, भोगवटादार ‘महाराष्ट्र शासन’, देवस्थानाचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे भक्तनिवास सरकारी जमिनीवर बांधायला निघालेत. हे मंडळाच्या बैठकीत मांडलं तर मला वाळीत टाकतील, आणि तहसीलदाराला कळवलं तर उरलेली राईसुद्धा देवीची न राहता सरकारची ठरेल. करू काय?

भटकभवानी

तहसीलदाराकडे लगेच जाऊ नका. आधी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का ते बघा, २००२ च्या कायद्याप्रमाणे असायला हवी, बहुतेक ठिकाणी कागदावर असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत राई झाडांच्या नावांसकट नोंदवून घ्या. ग्रामसभेचा ठराव करून घ्या, त्यात सातेरीचं वारूळही लिहा. गावातल्या बायकांना आधी विचारा, सरपण आणि औषधी पाला त्याच आणतात, आणि मंडळाच्या अध्यक्षांना त्यांची मतं लागतात. गटक्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जुना फेरफार कुठे मिळेल ते बघते.

तळकोकणी

व्यनि केला आहे.